रिकाम्या चौकटी सगळ्या सारख्या नसतात: जोडीतुलनेच्या एका जुन्या सवयीवर टीका

मागच्या वर्षी पायलट स्टडीचा डेटा घेऊन मी गाईडसमोर बसले होते. काम साधं होतं. नववीच्या मुलांचे मराठी निबंध दोन-दोन करून शिक्षकांसमोर ठेवायचे आणि एकच प्रश्न विचारायचा, "या दोघांतला बरा कोणता?" एक्सेलमध्ये कोष्टक भरलं, संदर्भपुस्तकातली कृती पायरीपायरीने केली, प्रत्येक निबंधाचं माप काढलं आणि प्रिंट घेऊन गेले. मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हा निबंध ज्या ज्या शिक्षकाला दाखवलास, त्या प्रत्येकाने बरा म्हटलाय. एकदाही हरलेला नाही. मग तुझ्या यादीत हा मधे कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस फॉर्म्युल्यात चूक शोधली, सापडली नाही. चूक माझ्या टायपिंगमध्ये नव्हतीच. पुस्तकाने सांगितलं होतं की ज्या चौकटीत सगळ्यांचं एकमत आहे ती गाळा, आणि मी इमानेइतबारे गाळली होती. त्या निबंधाच्या सगळ्याच चौकटी एकमताच्या होत्या, त्यामुळे सगळ्याच गेल्या. उरली फक्त त्याची स्वतःशी तुलना, म्हणजे शून्य. आणि त्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे मधोमध.

हा लेख त्या "गाळा" या शब्दाबद्दल आहे. जोडीतुलनेच्या डेटात रिकामी चौकट दिसली की तिला 'मिसिंग डेटा' म्हणायचं आणि पुढे जायचं, ही सवय आजही शोधप्रबंधांत दिसते. माझं म्हणणं असं की कोष्टकातली रिकामी चौकट तीन वेगळ्या कारणांनी रिकामी असू शकते, आणि कारण न विचारता काढलेलं माप चुकीचं असतं. नुसतं ढोबळ नव्हे, एका ठरावीक दिशेने चुकीचं.

आधी पद्धत, थोडक्यात

लुई लिऑन थर्स्टन यांनी १९२७ साली शिकागोमध्ये 'तुलनात्मक निर्णयाचा नियम' मांडला. कल्पना अशी: एखादा निबंध वाचल्यावर शिक्षकाच्या मनात त्याची जी किंमत उमटते ती दर वेळी थोडी वेगळी असते. ती एका सरासरीभोवती डोलत राहते. दोन निबंधांच्या सरासऱ्या जवळ असतील तर कधी हा बरा वाटेल, कधी तो. लांब असतील तर जवळजवळ नेहमी एकच. म्हणजे 'किती जणांनी याला बरं म्हटलं' या प्रमाणावरून 'दोघांत अंतर किती' हे उलट काढता येतं. प्रमाण ०.५० असेल तर अंतर शून्य. ०.८४ असेल तर सुमारे १. ०.९८ च्या आसपास असेल तर सुमारे २. या अंतराला आपण झेड म्हणू. सगळ्या वस्तूंचं डोलणं सारखं आणि एकमेकांपासून स्वतंत्र मानलं की मिळतं ते 'केस फाईव्ह', म्हणजे तुम्ही-आम्ही प्रत्यक्षात वापरतो ते रूप.

त्याच वर्षी थर्स्टन यांनी ही पद्धत गुन्ह्यांच्या गांभीर्यावर वापरून दाखवली. १९ गुन्हे, २६६ विद्यार्थी, आणि गुन्ह्यांच्या शक्य तेवढ्या सगळ्या जोड्या, म्हणजे १७१. या यादीच्या एका टोकाला बलात्कार होता आणि दुसऱ्या टोकाला निरुद्योगी भटकणं. आता विचार करा, या दोन टोकांच्या जोडीत मतभेद कितीसा असणार? प्रमाण १ च्या इतकं जवळ जातं की त्याचा झेड विश्वासाने काढता येत नाही. आणि प्रमाण नेमकं १ असेल तर झेड अनंत. एक्सेल सरळ एरर देतं.

इथून अडचण सुरू होते. जुन्या मानसमापनाच्या पुस्तकांत यावर एक तोडगा रूढ झाला: साधारण ०.९७-०.९८ च्या वरचं आणि ०.०२-०.०३ च्या खालचं प्रमाण वापरूच नका. ती चौकट रिकामी समजा.

रिकामेपणाची तीन कारणं

पहिलं कारण: विचारलंच नाही. ३० निबंध असतील तर ४३५ जोड्या होतात. २० शिक्षकांनी प्रत्येकी सगळ्या तपासायच्या म्हटल्या तर ८,७०० निर्णय. एवढं कोणी करणार नाही, म्हणून आपण थोड्याच जोड्या विचारतो. हा रिकामेपणा आपण स्वतः ठरवलेला असतो.

दुसरं कारण: विचारलं, सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, आणि आपल्या सूत्राला ते पचलं नाही. म्हणजे चौकट खरं तर भरलेली आहे. रिकामी आपण केली.

तिसरं कारण: विचारलं, पण शिक्षकाने उत्तर दिलं नाही. "सांगता येत नाही", "दोन्ही सारखेच", किंवा नुसतीच मोकळी सोडलेली जागा.

कोष्टकात तिन्हींच्या जागी एकच आडवी रेघ येते. सॉफ्टवेअरलाही ती एकसारखीच दिसते. पण पहिलीत माहिती नाही, दुसरीत भरपूर माहिती आहे, आणि तिसरीतही माहिती आहे, फक्त ती आपण विचारलेल्या प्रश्नाच्या साच्यात बसत नाही.

चार निबंधांचं उदाहरण

कागद-पेन घ्या. समजा चार निबंध आहेत: अ, ब, क, ड. त्यांची खरी मापं ०, १, २, ३. म्हणजे प्रत्येक दोन शेजाऱ्यांत अंतर १. डेटात चूक अजिबात नाही असं धरू.

केस फाईव्हची सर्वात सोपी कृती म्हणजे झेडचं कोष्टक मांडून प्रत्येक रकान्याची सरासरी घ्यायची. 'ड'च्या रकान्यात येतं ३, २, १, ०, सरासरी १.५. 'क'ची सरासरी ०.५, 'ब'ची -०.५, 'अ'ची -१.५. अंतरं बरोबर १-१-१. छान.

आता पुस्तकाचा सल्ला पाळा. २ आणि त्याहून मोठे झेड गाळा. 'ड'च्या रकान्यात उरलं १ आणि ०, सरासरी ०.५. 'क'मध्ये १, ०, -१, सरासरी ०. 'ब'मध्येही १, ०, -१, सरासरी ०. 'अ'मध्ये ० आणि -१, सरासरी -०.५.

बघा काय झालं ते. टोकापासून टोकापर्यंतचं अंतर ३ होतं, ते १ झालं. आणि 'ब' व 'क', ज्यांत १०० पैकी ८४ शिक्षक फरक करतात, ते चक्क सारखे झाले. डेटात एकही चूक नसताना! हा परिणाम फक्त गाळण्याचा. माझा कधीही न हरलेला निबंध मध्यावर आला तो याच मार्गाने.

गुलिक्सन यांनी काय दुरुस्त केलं

याचं उत्तर नव्हतं असं नाही. थर्स्टन यांचेच विद्यार्थी हॅरोल्ड गुलिक्सन यांनी १९५६ साली 'सायकोमेट्रिका'मध्ये अपूर्ण डेटासाठी लीस्ट स्क्वेअर्सचं उत्तर दिलं. मूळ विचार सरळ आहे: रकान्यांच्या सरासऱ्या घेऊ नका. ज्या चौकटींत आकडा आहे तेवढ्याच घ्या, आणि अशी मापं शोधा की त्यांच्यातली अंतरं त्या आकड्यांशी जास्तीत जास्त जुळतील. वरच्या उदाहरणात हे करून पाहिलं तर गाळलेल्या चौकटींनंतरही १-१-१ हीच अंतरं परत मिळतात, कारण शेजारच्या जोड्यांचे आकडे शाबूत आहेत.

हे काम मोठं होतं. फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी १९५१ मध्ये दाखवलं होतं की पूर्ण कोष्टकात रकान्यांची सरासरी हेच लीस्ट स्क्वेअर्सचं उत्तर असतं. अपूर्ण कोष्टकात तसं राहत नाही, आणि त्यासाठी समीकरणं सोडवावी लागतात. ती हातयंत्रावर सोडवण्याच्या काळात कोणी व्यवस्थित मांडली हे विसरू नका. सेमिनारमध्ये जुन्या पेपरची टिंगल करणं सोपं असतं. माझी टीका त्या पेपरच्या काळावर नाही. आज संगणक हाताशी असताना आपण त्यातली कृती उचलतो आणि तिच्यामागचं गृहीतक उचलत नाही, त्यावर आहे. माझे आक्षेप तीन.

आक्षेप पहिला: सगळ्या चौकटींचं वजन सारखं धरलं जातं. २० शिक्षकांच्या उत्तरांवरून काढलेला झेड आणि ३ शिक्षकांवरून काढलेला झेड साध्या लीस्ट स्क्वेअर्सला एकाच तोलाचे वाटतात. शिक्षकसंख्या सारखी असली तरी प्रश्न सुटत नाही. २० शिक्षक असतील आणि खरं प्रमाण ०.५० असेल तर झेडची प्रमाणित चूक सुमारे ०.२८ येते, खरं प्रमाण ०.९५ असेल तर सुमारे ०.४७. वर्ग केला, म्हणजे व्हेरियन्स घेतला, तर जवळजवळ तिप्पट. पूर्ण आणि समतोल डेटात हे एक वेळ खपतं. अपूर्ण डेटात काही जोड्या वीसदा आणि काही तीनदा तपासलेल्या असतात, तिथे नाही खपत.

आक्षेप दुसरा: एकमताची चौकट गाळली की राहिलेल्या चौकटी निःपक्षपाती राहत नाहीत. हा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला, म्हणून सावकाश सांगते. समजा एका जोडीत खरं प्रमाण ०.९५ आहे, म्हणजे खरा झेड १.६४. २० शिक्षकांना विचारलं तर २० पैकी २० येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. या ३६ टक्के वेळा आपण चौकट फेकून देतो. ठेवतो कधी? जेव्हा निदान एका शिक्षकाने उलट मत दिलं तेव्हाच. अशा ठेवलेल्या चौकटींत सरासरी प्रमाण ०.९२ वर येतं, आणि त्याचा झेड सुमारे १.४२. म्हणजे अंतर खरं आहे त्यापेक्षा नेहमी कमी दिसणार. शिक्षकांत योगायोगाने मतभेद झाला तरच ऐकायचं, एकमत झालं तर कान बंद करायचे, असा हा कारभार. गुलिक्सन यांचं उत्तर रकान्यांच्या सरासरीची चूक दुरुस्त करतं, पण गाळण्यातच असलेली ही चूक त्याला दिसत नाही. गाळलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आक्षेप तिसरा: माझ्या निबंधाला या पद्धतीत जागाच नाही. लीस्ट स्क्वेअर्सचं उत्तर मिळायला सगळ्या वस्तू एकमेकींशी साखळीने जोडलेल्या असाव्या लागतात; कायझर आणि सर्लिन यांनी १९७८ मध्ये ही अट नीट मांडली. ज्या निबंधाच्या सगळ्या चौकटी एकमताच्या म्हणून गाळल्या, तो साखळीतून सुटतो. मग सरासरीची कृती त्याला मधे ठेवते आणि लीस्ट स्क्वेअर्स म्हणतं 'माप नाही'. दुसरं उत्तर निदान प्रामाणिक आहे. पण वर्गातला सर्वात उजवा निबंध, ज्याच्याबद्दल सगळ्या शिक्षकांचं एकमत, त्यालाच माप नाही, हे त्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

ठिगळ लावलं तर?

"मग १ च्या जागी थोडा कमी आकडा घाला ना", असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. मलाही सांगितलं. रूढ ठिगळ असं: २० पैकी २० असेल तर अर्धं मत काढून १९.५ धरा. प्रमाण ०.९७५, झेड १.९६. काम झालं.

आता तीच जोडी १०० शिक्षकांना दाखवा आणि १०० पैकी १०० आले असं समजा. ठिगळ लावून प्रमाण ०.९९५, झेड २.५८. निबंध तेच, एकमत तेच, पण अंतर वाढलं. हा आकडा निबंधांबद्दल काही सांगत नाही, आपण किती शिक्षक गोळा केले ते सांगतो. आणि जोड्यांना वेगवेगळ्या संख्येने शिक्षक मिळाले असतील तर एकाच कोष्टकात प्रत्येक एकमताची किंमत वेगळी. वाईट भाग असा की हे ठिगळ नंतर दिसत नाही. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की हा १.९६ कुठून आला, तर "मी घातला" एवढंच खरं उत्तर उरतं.

एकमत काय सांगतं

मग २० पैकी २० हा निकाल नेमकं काय सांगतो? उलट बाजूने विचारा. खरं अंतर शून्य असतं तर असा निकाल येण्याची शक्यता किती? दहा लाखांत साधारण एकदा. अंतर १ असतं तर? सुमारे ३ टक्के. अंतर २ असतं तर ६३ टक्के. ३ असतं तर ९७ टक्के.

म्हणजे हा निकाल अंतर २ आहे की ३ की ५, यात फारसा फरक करत नाही. पण अंतर १ च्या खाली नसणार हे मात्र तो ठणकावून सांगतो. ही एकतर्फी माहिती आहे. वजनकाट्याचा काटा शेवटच्या खुणेला जाऊन टेकला तर आपण 'वजन माहीत नाही' म्हणत नाही. 'निदान इतकं तरी आहे' म्हणतो.

ही एकतर्फी माहिती जशीच्या तशी वापरणारी रीत म्हणजे मॅक्सिमम लाइकलिहूड. तिचा प्रश्न असा: कोणत्या मापांखाली हा पूर्ण डेटा, मिळाला तसाच, येण्याची शक्यता सर्वात जास्त? इथे प्रमाणाचं झेडमध्ये रूपांतर करायची गरजच पडत नाही, त्यामुळे अनंताशी गाठ पडत नाही. २० पैकी २० आणि ३ पैकी २ यांना आपापलं वजन आपोआप मिळतं. न विचारलेल्या जोडीचा वाटा शून्य. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या रिकाम्या चौकटी इथे आपसूक वेगळ्या होतात.

हे नवीन आहे का? मुळीच नाही. संचसिद्धांतामुळे आपल्याला माहीत असलेले अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९२९ मध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी हेच मांडलं होतं, सगळे डाव खेळले गेले नसतील अशा स्पर्धांसकट. राल्फ ब्रॅडली आणि मिल्टन टेरी यांनी १९५२ मध्ये 'बायोमेट्रिका'त ते स्वतंत्रपणे मांडलं आणि नाव त्यांचं पडलं. आज एआय चॅटबॉट्सच्या ज्या क्रमवाऱ्या लोकांच्या पसंतीवरून लागतात, त्यांच्या पोटातही ब्रॅडली-टेरी मॉडेल सापडतं. थर्स्टन यांचं मॉडेलही लाइकलिहूडने बसवता येतं. दोन्हींच्या निकालांत प्रत्यक्षात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो झेडचं कोष्टक मांडण्यात आणि न मांडण्यात.

मग माझा निबंध सुटला का? लगेच नाही, आणि हेही सांगायला हवं. लेस्टर फोर्ड यांनी १९५७ मध्ये अट दिली: वस्तूंचे कसेही दोन गट पाडा, प्रत्येक गटातली कोणीतरी दुसऱ्या गटातल्या कोणाला तरी निदान एकदा हरवलेली असली पाहिजे. तरच सगळ्या वस्तूंना ठोस माप मिळतं. माझा निबंध कधीच हरला नाही, म्हणून त्याचं माप लाइकलिहूडनुसार अनंताकडे धावतं. पण फरक पाहा. पहिल्या पद्धतीने त्याला मधे बसवलं, दुसरीने हाकललं, तिसरीने किमान दिशा बरोबर सांगितली: सगळ्यांच्या वर, किती वर ते या डेटातून कळत नाही.

आकडा हवाच असेल तर सगळ्यात साधा उपाय म्हणजे प्रत्येक निबंधाला एका काल्पनिक सरासरी निबंधाविरुद्ध एक विजय आणि एक पराभव बहाल करायचा. बायेसियन भाषेत हा एक सौम्य प्रायर झाला. यालाही तुम्ही ठिगळ म्हणू शकता, आणि मी नाही म्हणणार नाही. फरक एवढाच की हे ठिगळ सगळ्यांना सारखं लागतं, उघडपणे लिहिता येतं, आणि ते दुप्पट किंवा अर्धं करून निकाल किती हलतो हे तपासता येतं. मी तपासलं. बाकीचे निबंध जवळपास जागेवर राहिले. न हरलेल्या निबंधाचं माप मात्र बरंच हललं. म्हणून आता मी त्याच्यासाठी एक आकडा देत नाही. खालची मर्यादा देते आणि वरची बाजू मोकळी आहे असं लिहिते.

उत्तर न देणं हेही उत्तर असतं

तिसऱ्या प्रकाराकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं. समजा दोन निबंध २० शिक्षकांना दाखवले. ८ म्हणाले पहिला, २ म्हणाले दुसरा, १० जणांनी जागा मोकळी सोडली. मोकळ्या गाळल्या तर प्रमाण ०.८०, झेड ०.८४. मोकळ्या सोडणाऱ्यांना फरक दिसत नव्हता असं धरून त्यांची मतं अर्धी-अर्धी वाटली तर १३ विरुद्ध ७, प्रमाण ०.६५, झेड ०.३९. अंतर निम्म्याहून कमी झालं!

इथे चूक उलट दिशेने होते हे लक्षात घ्या. एकमताच्या चौकटी गाळल्या की लांबचे निबंध जवळ येतात. 'सांगता येत नाही' गाळलं की जवळचे निबंध लांब जातात. दोन्ही एकाच कोष्टकात केलं तर पट्टी टोकाला आखडते आणि मधे ताणली जाते. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मिसिंग डेटाचं जे वर्गीकरण दिलं, त्यात हा सगळ्यात अवघड प्रकार: रिकामेपणा ज्या गोष्टीवर अवलंबून आहे तीच आपण मोजायला निघालोय. यासाठी बरोबरीला मॉडेलमध्येच जागा देणारी रूपं आहेत, राव आणि कपर यांचं १९६७ चं, डेव्हिडसन यांचं १९७० चं. पण त्यासाठी फॉर्मवर 'सारखेच' हा पर्याय छापलेला हवा. माझ्या फॉर्मवर नव्हता. त्यामुळे मोकळी जागा म्हणजे 'सारखेच' की 'चहाची वेळ झाली', हे मला आता कधीच कळणार नाही. कोणतंही सॉफ्टवेअर ते परत आणून देणार नाही.

न विचारलेली जोडीही नेहमी निरुपद्रवी नसते

पहिल्या प्रकारालाही एक खाच आहे. कोणत्या जोड्या विचारायच्या हे कोण ठरवतं? त्याच १९५६ साली, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले राज चंद्र बोस यांनी 'बायोमेट्रिका'त जोड्या परीक्षकांमध्ये समतोल वाटण्याचे आराखडे दिले: प्रत्येक जोडी सारख्याच परीक्षकांकडे, प्रत्येक परीक्षकाकडे प्रत्येक वस्तू सारख्याच वेळा. गुलिक्सन विचारत होते की रिकाम्या चौकटी पडल्यावर काय करायचं. बोस विचारत होते की त्या कुठे पडू द्यायच्या. मला वाटतं दुसरा प्रश्न आपण आधी विचारायला हवा.

नुसती साखळी जोडून भागत नाही. ३० निबंधांना जोडायला किमान २९ जोड्या पुरतात. पण एकाला एक लावून सरळ साखळी केली आणि प्रत्येक दुव्याची चूक ०.२८ धरली, तर पहिल्या आणि शेवटच्या निबंधातल्या अंतराची चूक दीडच्या आसपास जाते. उत्तर मिळतं, पण त्याला अर्थ नसतो.

दुसरं टोक म्हणजे हुशारीने जोड्या निवडणं. आधीच्या निकालांवरून जे निबंध जवळचे वाटतात तेच पुढे एकमेकांसमोर आणायचे, बुद्धिबळातल्या स्विस लीगसारखं. अलास्टेअर पॉलिट यांनी शालेय मूल्यमापनात ही पद्धत पुढे आणली आणि तिचे विश्वासार्हतेचे आकडे फार उंच दिसायचे. केंब्रिजच्या टॉम ब्रॅमली यांनी २०१५ मध्ये सिम्युलेशन करून दाखवलं की निर्णय निव्वळ नाणेफेकीसारखे असले तरी या पद्धतीत विश्वासार्हता उंचच निघू शकते. कारण समजायला सोपं आहे. नशिबाने पहिले दोन डाव जिंकलेला निबंध पुढे वरच्यांशीच भिडतो. खालच्यांशी हरून त्याचं पितळ उघडं पडायची संधीच येत नाही. सुरुवातीची चूक मापात मुरते आणि पट्टी फुगते.

मग करायचं काय

डेटा गोळा करायच्या आधी फॉर्मवर 'सारखेच वाटतात' आणि 'वाचून झालं नाही' हे दोन वेगळे पर्याय छापा. जोड्या समतोल किंवा यादृच्छिक वाटा, आणि वाटप कसं केलं ते लिहून ठेवा. एक्सेलमध्ये रिकाम्या चौकटीत आडवी रेघ टाकू नका. तीन कारणांसाठी तीन वेगळे कोड ठेवा, आणि प्रमाणांच्या शेजारी मूळ मतं, म्हणजे किती पैकी किती, जपून ठेवा. एकदा प्रमाण केलं की ३ पैकी ३ आणि २० पैकी २० यांतला फरक पुसला जातो.

विश्लेषणात झेडच्या कोष्टकाऐवजी मतांवर थेट मॉडेल बसवा. 'आर'मध्ये यासाठी फुकट पॅकेजेस आहेत, आणि साध्या लॉजिस्टिक रिग्रेशननेही काम होतं. प्रायर वापरला असेल तर तो बदलून निकाल किती हलतो ते परिशिष्टात द्या. न हरलेल्या आणि न जिंकलेल्या वस्तूंची यादी वेगळी द्या, त्यांच्यापुढे एकच आकडा लिहून मोकळं होऊ नका. आणि दुसऱ्याचा पेपर वाचताना 'टोकाची प्रमाणं वगळली' हे वाक्य दिसलं तर थांबा. किती वगळली आणि ती कोणत्या वस्तूंची होती, हे विचारा.

मी मॅडमना नवीन प्रिंट नेऊन दिली. त्यांनी तीच ओळ शोधली. आता तो निबंध सगळ्यात वर होता, आणि त्याच्यापुढे वरच्या बाजूला मोकळा सोडलेला एक लांब पट्टा. "हे किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "निदान एवढं. यापुढचं सांगायला त्याला तोडीस तोड दुसरा निबंध हवा." त्या म्हणाल्या, "मग पुढच्या फेरीत तसे निबंध शोध." सध्या तेच चालू आहे.